शनिवारचा मराठी चित्रपट घरात परत सुरू करायचाय. कुठून सुरुवात करू?

अबोली

नमस्कार मंडळी,

बाबा दिवाळीनंतर आमच्याकडे पुण्याला राहायला आले. वय ७९. आई गेल्यापासून साताऱ्याच्या घरात एकटेच होते. आता सकाळी पेपर, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी बागेत फेरी असं त्यांचं बरं चाललंय. पण रात्रीची जेवणं झाली की आम्ही तिघं तीन पडद्यांसमोर आणि बाबा त्यांच्या खोलीत. दार लोटलेलं, दिवा चालू. मला ते बघवत नाही.

माझ्या लहानपणी शनिवारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि रविवारी हिंदी. शनिवारी आमच्याकडे कुकर लवकर लागायचा. आईचं ओट्याकडचं आवरून व्हायच्या आत सुरुवातीची नावं सुरू झाली तर बाबा तिला दिग्दर्शक, संगीत, गीतं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे. ते सगळं परत सुरू करावं असं मनात आलं.

पहिला शनिवार फसला. 'जगाच्या पाठीवर' लावला. लेक दहावीत आहे. वीसेक मिनिटं बसली, मग हळूच मोबाईल काढला. बाबांच्या लक्षात आलंच. म्हणाले, "राहू दे गं, बंद कर. तिला अभ्यास असेल." आणि स्वतःच रिमोटने टीव्ही बंद करून उठले. चिडून नाही, अगदी समजुतीने. तेच लागलं मला.

तर प्रश्न असा, की पंधरा वर्षांची मुलगी आणि ७९ वर्षांचे आजोबा दोघांनाही धरून ठेवेल असं काय लावू? सिनेमा किंवा जुनी मालिका, दोन्ही चालेल. अँटेना फिरवायच्या आठवणींवर इथे भरपूर धागे आहेत, इथे नावं सुचवा प्लीज.

चहाबिस्कीट

मस्त धागा. 'अशी ही बनवाबनवी'. विषय संपला.

नाईटशिफ्ट

चहाबिस्कीट, सिनेमा एक नंबर, पण अबोलीताईंच्या लेकीने तो तुकड्यातुकड्यांनी शंभर वेळा बघितलेला असणार. आजच्या पोरांना त्यातली वाक्यं पाठ असतात आणि गोष्ट माहीत नसते. माझ्या भाच्याला मी अख्खा दाखवला तेव्हा तो म्हणाला, "अरे, याला सुरुवात पण आहे!" तरी पहिला म्हणून तो नको. ओळखीचा आहे म्हटल्यावर हात मोबाईलकडे जाणारच.

पंचगंगाकाठ

ताई, कोल्हापूरचा माणूस म्हणून सांगतो, 'साधी माणसं' लावा. १९६५, भालजी पेंढारकर. गावचा लोहार आणि त्याची बायको शहरात जातात आणि साधेपणापायी फसतात, एवढीच गोष्ट. जयश्री गडकर आणि सूर्यकांत. भात्यापुढचं 'ऐरणीच्या देवा' ऐकताना माझे वडील आजही बोलायचे थांबतात. खेबूडकरांचं गीत आणि संगीत आनंदघन यांचं. चित्रपटाला संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे सगळ्यांना कळलं. ही गोष्ट लेकीला आधी सांगू नका, गाणं झाल्यावर सांगा.

आणि बाबांना 'सांगत्ये ऐका' विचारा. अनंत माने, १९५९. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एका थेटरात एकच सिनेमा! बाबांच्या वयाच्या माणसाला त्याबद्दल काही ना काही आठवत असणारच.

स्पष्टवक्ता

मी जरा वेगळं बोलतो. राग मानू नका.

गेल्या वर्षी मी पण असंच ठरवून बायको-मुलांना माझे लहानपणचे आवडते ८०च्या दशकातले विनोदी सिनेमे दाखवायला घेतले. तीन बघितले आणि थांबलो. तोतऱ्या माणसावर हसायचं, जाड बाईवर हसायचं, काळ्या मुलीवर हसायचं, हिरोने मुलीचा पिच्छा पुरवायचा आणि शेवटी तिने हो म्हणायचं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिने मला सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला हे फनी वाटायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटायचं, हे खरं आहे.

जुनं म्हणून चांगलं, असं नसतं. आपण त्या सिनेमांवर प्रेम करतो की आपल्या दहाव्या वर्षावर, हे आधी ठरवावं. मुलांना आपलं दहावं वर्ष बघण्यात रस नसतो, आणि का असावा?

चहाबिस्कीट

+१ म्हणवत नाही, पण मुद्दा कळला.

गोदाकाठ

स्पष्टवक्ता, प्रतिसाद प्रामाणिक आहे. पण तुम्ही पुरेसे मागे गेला नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे. तुम्ही ८०च्या दशकात थांबलात. अजून पन्नास वर्षं मागे जा.

'कुंकू'. प्रभात, १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. नीराचं लग्न मामा फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो. पुढे तुम्हाला वाटेल की ती रडत बसेल, नशिबाला दोष देईल, शेवटी नवऱ्याच्या पाया पडेल. ती यातलं काही करत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती त्या घरात राहून रोज, उठता बसता दाखवून देते. आणि म्हातारा काही राक्षस नाही. केशवराव दात्यांनी तो असा उभा केलाय की हळूहळू त्याला स्वतःचंच वागणं दिसायला लागतं. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांत तो स्वतःला बघतो तो प्रसंग मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला, आणि अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

शांता आपटे यात एक इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. १९३७ सालच्या मराठी सिनेमात! नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, समाजसेविका, झाल्या आहेत शकुंतला परांजपे. म्हणजे सई परांजप्यांच्या आई. संततिनियमनाच्या प्रचाराचं काम त्यांनी खऱ्या आयुष्यात केलं, आणि तेही ज्या काळात तो शब्द चारचौघांत कोणी उच्चारत नसे त्या काळात.

अजून एक. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या प्रसंगातलं. घड्याळ, पावलं, ग्रामोफोन. हे लेकीला आधी सांगू नका. तिला ते आपणहून जाणवतंय का बघा.

जरठ-बाला विवाहावर देवलांचं 'शारदा' १८९९ सालीच आलं होतं, म्हणजे विषय नवा नव्हता. नवं होतं ते मुलीने पाय रोवून उभं राहणं. पुढच्या कितीतरी नायिकांना ते जमलेलं नाही.

स्पष्टवक्ता

गोदाकाठ, 'कुंकू' मी पाहिलेला नाही. बघतो आणि मग बोलतो.

केबिनवाला

अबोलीताई, मी नावं सुचवत नाही, बाकीचे सुचवतायत ती चांगली आहेत. मला दुसरं काहीतरी सांगायचंय.

माझे वडील तालुक्याच्या थेटरात ऑपरेटर होते. माझं अर्धं बालपण केबिनमध्ये गेलं. मुलांना जुन्या सिनेमाकडे ओढायचं असेल तर गोष्टीच्या आधी त्यांना ती वस्तू दाखवा, म्हणजे सिनेमा नावाची वस्तू. पोरांना यंत्रं आवडतात.

जुना सिनेमा लावलात की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लक्ष ठेवायला सांगा. दर पंधरा-वीस मिनिटांनी तिथे क्षणभर एक गोल ठिपका चमकून जाईल. सात-आठ सेकंदांनी परत एक. ती खराबी नाही, ऑपरेटरसाठी केलेली खूण आहे. अख्खा सिनेमा एका रिळात मावत नाही. थेटरात दोन मशिनी असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पहिला ठिपका दिसायचा. तो दिसला की वडील दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायचे. दुसरा ठिपका दिसला की इकडच्या मशिनची झडप बंद, तिकडची उघडी. खालच्या प्रेक्षकांना काही कळत नसे. हे सगळं एका माणसाने, उकाड्यात, कार्बनच्या धुरात, रोज तीन-चार खेळ. आमच्या वडिलांना एकही सिनेमा सलग आठवत नाही. त्यांना आठवतो तो कोपरा.

कार्बन म्हणजे दोन कांड्या. त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटवून तोच दिवा करायचा. कांड्या जळून आखूड होत जायच्या, तसं चाक फिरवून त्या जवळ आणत राहायचं. लक्ष हललं की पडदा आधी पिवळा पडायचा, मग काळोख, मग पिटातून शिट्ट्या.

सिनेमाची पेटी एसटीने यायची. सकाळी स्टँडवर जाऊन "पेटी आली का?" हे विचारायचं काम माझं होतं. आमच्यापर्यंत येईस्तोवर प्रिंट चार जिल्हे फिरलेली असायची, तुटलेली, सांधलेली. प्रत्येक सांध्यात दोन-चार चित्रं गेलेली. म्हणून जुन्या सिनेमात माणूस दाराशी असतो आणि एकदम खुर्चीवर दिसतो. आता नेटवर ज्या प्रती आहेत त्यातल्या बऱ्याच अशाच फिरून आलेल्या प्रिंटवरून केलेल्या आहेत, त्यामुळे ठिपके आणि उड्या दोन्ही दिसतील. मूळ निगेटिव्हवरून नीट साफ केलेली प्रत असेल तर नाही दिसणार.

मांडवीतीर

केबिनवाला, वा! हे कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गोव्यात जत्रेला तंबूत सिनेमा यायचा. तिथे एकच मशीन, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्यात चणेवाला फिरून जायचा. मला लहानपणी वाटायचं की सिनेमा चणेवाल्यासाठी थांबतो.

कोंकणी कळत असेल तर 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) नक्की पाहा. 'निर्मोण'वरून पुढे हिंदीत 'तकदीर' निघाला. माझ्या पाय, म्हणजे वडिलांना, त्यातली सगळी गाणी येतात. गेल्या पावसाळ्यात मुलाने ती त्यांच्याकडून बसून लिहून घेतली.

वडाचा_पार

अवांतर: आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावर पडदा लावून सिनेमा दाखवायचे. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. चित्र दिसायचंच, फक्त उलटं. नावं वाचता येत नसत आणि सगळे नट डावखुरे. 'पिंजरा' मी पहिल्यांदा मागच्या बाजूने पाहिलाय. मोठेपणी समोरून पाहिला तेव्हा लागू दर वेळी चुकीच्याच दारातून बाहेर पडतायत असं मला वाटत राहिलं.

चहाबिस्कीट

वडाचा_पार, लोळतोय वाचून =))

टोरांटोकर

अबोली, सगळ्यात आधी एक काम कर. टीव्हीची सेटिंग बघ.

जुने सिनेमे आणि दूरदर्शनच्या मालिका जवळजवळ चौकोनी चित्रात आहेत, चारास तीन. आजचे टीव्ही सोळास नऊ. बऱ्याच टीव्हींवर ते चित्र आपोआप ताणलं जातं आणि सगळी माणसं बुटकी, गुबगुबीत दिसतात. नाहीतर वरून खालून कापलं जातं आणि बायकांचे अंबाडे गायब. 'ओरिजिनल' किंवा '४:३' असा पर्याय असतो तो निवड. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ दे.

दुसरं म्हणजे मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. सेकंदाला चोवीस चित्रं असतात, त्यांच्या मध्ये टीव्ही आपल्या मनाने नवीन चित्रं घालतो. मग १९६०चा सिनेमा काल संध्याकाळी कोणी मोबाईलवर काढल्यासारखा गुळगुळीत दिसतो. ते बंद कर.

मी इथे माझ्या मुलांना तीन वर्षं ताणलेली चित्रं दाखवत होतो आणि ती म्हणायची जुन्या सिनेमातले लोक विचित्र दिसतात. खरंच दिसत होते.

अबोली

टोरांटोकर, आत्ता जाऊन बघितलं. ताणलेलंच होतं! राजा परांजपे किती सडसडीत होते ते आज कळलं. बाबांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "मला वाटलं माझा चष्मा."

केबिनवाला, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाच म्हणाले.

आज्जी_ऑनलाईन

मी ७४ वर्षांची आहे, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मालिकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्या बाई दार बंद करत नसत, देव त्यांचं भलं करो. 'गजरा' आम्ही तिथे पाहिला. स्मिता पाटील बातम्या द्यायची, नंतर ती सिनेमात दिसली तेव्हा आम्हाला घरचीच मुलगी मोठी झाल्यासारखं वाटलं. 'चिमणराव' तर काय सांगू! चिं. वि. जोशींच्या गोष्टी आम्ही शाळेत वाचलेल्या, आणि प्रभावळकर आणि बाळ कर्वे पडद्यावर आले तर अगदी ते दोघंच. नंतर गोष्टी परत वाचल्या तरी तेच चेहरे येतात.

'स्वामी' मध्ये रवींद्र मंकणी आणि मृणाल. गजानन जहागीरदारांनी केलेली. तेव्हा महाल वगैरे फार काही नव्हते हो त्यात, पण बोलणं असं की आपण शनिवारवाड्यातच बसलोय.

दूरदर्शनच्या यूट्यूबवर आता जुनं बरंच घालतात. मी रोज दुपारी बघते. पण जे शोधते ते सगळंच सापडत नाही. नातीला सांगते की असा असा कार्यक्रम होता, ती म्हणते दाखव, आणि मी काय दाखवणार?

गोदाकाठ

आज्जी, तुमच्या प्रतिसादाने गलबलून आलं. त्या काळात व्हिडिओ टेप फार महाग होती. कार्यक्रम झाला की टेप पुसून तिच्यावर पुढचा ध्वनिचित्रमुद्रित करायचा, ही जगभरची रीत होती. बीबीसीनेही 'डॉक्टर हू'चे भाग असेच पुसले, त्यातले कितीतरी अजून सापडलेले नाहीत. कार्यक्रम कोणाला पुन्हा बघावासा वाटेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

सिनेमांचं तर आणखी वाईट. साधारण १९५१ पर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. २००३च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटचा साठा जळाला. जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळं त्यात गेली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण कुठेही नाही, काही रिळं उरली आहेत. म्हणून प्रभातचे जे सिनेमे बघायला मिळतात ते मला दर वेळी परत मिळालेले वाटतात.

आता चांगलंही सांगतो. 'मंथन' (१९७६) नव्याने साफ होऊन २०२४ मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. मी थिएटरात जाऊन पाहिला. स्मिताच्या साडीचा विणलेला काठ मला पहिल्यांदा दिसला. इतकी वर्षं तिथे नुसता डाग होता.

केबिनवाला

गोदाकाठ, नायट्रेटनंतरची फिल्म सहजासहजी पेटत नाही, पण ती आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. तो वास एकदा सुरू झाला की शेजारच्या डब्यांनाही लागण होते. वडिलांकडे एका जुन्या सिनेमाचं तुटकं रीळ होतं, जपून ठेवलेलं. दहा वर्षांपूर्वी उघडलं तर हा वास. त्या रिळात काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

नाईटशिफ्ट

मालिकांत 'मालगुडी डेज' राहिलीच की. शंकर नाग यांचं दिग्दर्शन, कर्नाटकातल्या आगुंब्यात चित्रीकरण, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं. भाग छोटे आहेत, लेकीला अभ्यासाच्या मध्ये एखादा बघता येईल. आम्ही गेल्या मे महिन्यात आगुंब्याला त्या घरात जाऊन आलो. अंगणात उभं राहिल्यावर माझ्या बायकोने ती सुरुवातीची धून गुणगुणली आणि तिथली आणखी दोन कुटुंबं गुणगुणायला लागली. एक तमिळ, एक दिल्लीचं.

'ब्योमकेश बक्षी' पण. बासू चटर्जी, १९९३. मारामारी नाही, पाठलाग नाही, रजित कपूर नुसता बसून ऐकत असतो आणि आपण खिळून राहतो.

स्पष्टवक्ता

'कुंकू' काल रात्री पाहिला. एकट्यानेच.

गोदाकाठ, तुमचं बरोबर होतं. मी पुरेसा मागे गेलो नव्हतो. एक मान्य करतो, की पहिला अर्धा तास मला जड गेला. उच्चार नाटकी वाटतात, प्रिंट मधेच अंधारते. त्यानंतर मात्र मी जागचा हललो नाही. मुलीबरोबर परत बघणार आहे. तिने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, पण हा सिनेमा मी तिला मान वर करून दाखवू शकतो.

तरीही माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. जुन्यातलं निवडून घ्यावं लागतं.

पंचगंगाकाठ

स्पष्टवक्ता, निवडून घ्यावं लागतं हे सोळा आणे खरं. पण निवडायला आधी बघावं लागतं की राव!

वडाचा_पार

'संत तुकाराम' (१९३६) कोणीच कसा नाही सुचवला? नुसत्या आवलीसाठी बघावा. पोरगं आजारी आणि नवरा भजनात, म्हणून ती चिडून हातात चप्पल घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. ती झालेल्या गौरी मूळच्या नटी नव्हेत, प्रभात स्टुडिओत झाडलोटीचं काम करायच्या. दामले-फत्तेलालांना त्यांच्यात आवली दिसली. सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. आणि 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं. माझ्या आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

अबोली

मंडळी, शनिवारचा वृत्तांत. थोडं सविस्तर लिहिते.

गोदाकाठ आणि स्पष्टवक्ता यांच्यामुळे 'कुंकू' ठरवला. कुकर सातला लावला. मूगडाळीची खिचडी, पापड, ताक. ताटं घेऊन सगळे टीव्हीसमोर. एरवी मी हे चालवून घेत नाही. सुरुवातीची नावं आली आणि बाबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मला न विचारता. मी ओट्याशी नव्हते, त्यांच्या शेजारीच बसले होते, तरी ते वाचत राहिले.

लेकीला मी फक्त ठिपक्याचं सांगितलं होतं. ती कोपऱ्याकडे डोळे लावून बसली. पहिला ठिपका आला तशी ओरडली, "आला!" आणि रिमोटने मागे नेऊन परत पाहिला. बाबा म्हणाले, "आम्हाला कधी मागे नेता आलं नाही." मग दोघं मिळून मोजायला लागले. चौथ्या ठिपक्याला तिचं लक्ष नव्हतं. ती सिनेमा बघत होती.

आरशाचा प्रसंग झाल्यावर तिने विचारलं, "याच्यात म्युझिक का नाहीये? मला कसंतरी होतंय." गोदाकाठ, मी काहीही सांगितलं नव्हतं, शपथ.

सिनेमा संपला. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असं खरंच व्हायचं?" बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "माझ्या थोरल्या आत्याला बिजवराला दिली होती. ती सोळाची, तो बेचाळीसचा. दोन मुलं आधीची." मला वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी हे पहिल्यांदा कळलं. ती आत्या मला पुसटशी आठवते, आमच्याकडे आली की माजघरात भिंतीला टेकून बसायची, कुणाशी फार बोलायची नाही. बाबा सांगत होते की ती माहेरी आली की परत जायच्या दिवशी पहाटेच उठून अंगण सारवायला घ्यायची. कोणी सांगितलेलं नसायचं. अंगण ओलं असलं की ते वाळेपर्यंत निघता यायचं नाही, म्हणून.

लेक त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली होती. साडेअकरा वाजले.

आज्जी_ऑनलाईन

अंगणाचं वाचून डोळे भरले. आमच्याही घरात अशी एक होती.

गोदाकाठ

अबोलीताई, यावर काही लिहिवत नाही. बाबांना नमस्कार सांगा.

वडाचा_पार

त्या आत्याबद्दल बाबांना अजून विचारा. लेकीला लिहून घेऊ दे, मांडवीतीर यांच्या मुलाने गाणी लिहून घेतली तसं.

चहाबिस्कीट

ताई, अँटेनाबद्दल एक आठवण होती, पण राहू दे. पुढच्या शनिवारी काय?

अबोली

चहाबिस्कीट, सांगा हो आता. आमच्याकडे बाबांनी सांगून झाली, त्यात कावळा पण आहे :-)

पुढचा शनिवार बाबांनी ठरवलाय, 'सांगत्ये ऐका'. पंचगंगाकाठ, तुमचा अंदाज बरोबर निघाला. १९५९ साली ते तेरा वर्षांचे होते. मामा त्यांना साताऱ्याहून पुण्याला घेऊन गेला होता दात दाखवायला, आणि दात राहिला बाजूला, दोघं विजयानंदला. घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं. परत येताना एसटीत बाबा 'बुगडी' गुणगुणले आणि घरी पोचल्यावरही गुणगुणतच राहिले. मामा पकडला गेला.

लेकीची अट एकच आहे, ठिपके दिसणारी प्रत हवी. केबिनवाला, नेटवर दोन-तीन प्रती दिसतायत, त्यातली कुठली ते कसं ओळखू?

केबिनवाला

सिनेमा सुरू झाल्यापासून दहाव्या ते विसाव्या मिनिटाच्या मधला भाग आधी एकट्याने पाहून घ्या, पहिला बदल त्यातच यायला हवा. चित्राच्या कडा कापलेल्या नसाव्यात, कोपरा गोलसर दिसला पाहिजे. कडा कापली असेल तर ठिपकाही अर्धा जातो. आणि लेकीला सांगा, काही ऑपरेटर छापील खुणेवर विसंबायचे नाहीत, पिनेने स्वतःची फुली मारायचे. वडीलही मारायचे. तशी एखादी दिसली तर इथे मिनिट-सेकंद टाका, मी वडिलांना दाखवतो.